वाढत्या पायाला मापाचाच बूट हवा

जून महिना आला की बुटांच्या दुकानांत पालकांची गर्दी होते आणि एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘जरा वाढत्या मापाचे द्या, दोन वर्षे जातील.’ काटकसर समजण्यासारखी आहे. पण तिचा भुर्दंड मुलाच्या पायाला बसतो.

सैल बुटात पाय पुढेमागे घसरतो, टाचेला फोड येतात, मूल अडखळते. घट्ट बुटात बोटे दुमडतात, अंगठ्याचे नख मांसात रुतते. लहानपणी पायाची हाडे पुरती टणक झालेली नसतात. त्यामुळे बूट चावत असूनही मूल पुष्कळदा तक्रार करीत नाही.

खरेदीला मुलाला सोबत न्यावे, तेही सायंकाळी. कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. मोजे घालून, उभे करूनच माप घ्यावे. दोन्ही पाय मोजून मोठ्या पायाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा राहावी. टाच मात्र निसटता कामा नये. दर ३-४ महिन्यांनी ही जागा पुन्हा तपासावी. थोरल्याचे झिजलेले बूट धाकट्याला देऊ नयेत; ते थोरल्याच्याच पायाच्या घडणीचे झालेले असतात.

शाळांनीही थोडा विचार करावा. पावसाळ्यात ओले बूट दिवसभर पायात राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तेवढे दिवस तरी बुटांची सक्ती सोडून सँडल चालू द्यावेत.

पालकहो, दोन वर्षे टिकणाऱ्या महागड्या बुटापेक्षा साधा, स्वस्त पण मापाचा बूट घ्या, आणि पाय वाढला की बदला!