रिव्हॉल्व्हर खिशात, जबाबदारी कुठे?

पूर्वी तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारायचे, "अॅट्रॉसिटीची फिर्याद पोलीस घेत नाहीत, काय करू?" हा प्रश्न अजून संपलेला नाही. पण त्याच्या जोडीला आता दुसरा येऊ लागला आहे. "शस्त्र परवाना मिळाला तर छोटे रिव्हॉल्व्हर घेऊ का? घेतले तर ठेवायचे कुठे?" या प्रश्नावर नाक मुरडणारे आपल्यात आहेत आणि शिट्ट्या मारणारेही आहेत. हा लेख दोघांच्याही विरोधात आहे.

आधी एक घडलेली गोष्ट. आमचा एक सहकारी गायरान जमिनीच्या प्रश्नावर काम करतो. दोनदा मार खाल्ला, धमक्या तर मोजणे सोडून दिले. बऱ्याच खेपा घातल्यावर त्याला परवाना मिळाला आणि त्याने .32 बोअरचे छोटे रिव्हॉल्व्हर घेतले. ते तो शबनममध्ये ठेवायचा. त्याच शबनममध्ये डायरी, माहिती अधिकाराचे अर्ज, चार्जर, घराच्या किल्ल्या. एकदा विहारात बैठक होती. शबनम खुंटीला अडकवून तो चहाला बाहेर गेला. वस्तीतली सहा वर्षांची एक मुलगी चित्र काढायला पेन शोधत होती. तिने शबनममध्ये हात घातला. तिच्या आईचे लक्ष गेले म्हणून बरे.

नंतर सगळे म्हणाले, "काही झाले नाही ना, मग सोडा." आम्ही सोडले नाही. ज्या वस्तीच्या रक्षणासाठी त्याने शस्त्र घेतले, त्याच वस्तीतल्या लेकराचे बोट भरलेल्या रिव्हॉल्व्हरपर्यंत पोचले होते. त्या दिवशी त्या मुलीला धोका गावातल्या जातदांडग्यांकडून नव्हता, आमच्या निष्काळजीपणाकडून होता.

आता नाक मुरडणाऱ्यांकडे वळू. ते म्हणतात, बौद्ध माणसाने शस्त्राला हात लावू नये, पंचशीलातले पहिलेच शील मोडते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रश्न टाळलेला नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी स्पष्ट फरक केला आहे. 'जातिनिर्मूलन'मध्ये त्यांनी दाखवून दिले की चातुर्वर्ण्याने शूद्राला शस्त्र, सत्ता आणि शिक्षण या तिन्हींपासून तोडले, म्हणून त्याला बंड करता आले नाही. ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे ही सगळी धडपड आहे. शस्त्रबंदी ही आपल्यावर लादलेली गोष्ट होती, आपण घेतलेले व्रत नव्हते. म्हणून परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या कार्यकर्त्याला कुणी अधम्मी ठरवू नये.

कायदा काय सांगतो तेही पाहा. अत्याचार प्रतिबंध कायदा 1989 चा, त्याचे नियम 1995 चे. त्यातला नियम 3 प्रतिबंधक उपायांचा आहे आणि त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रे निश्चित करायची. मग गरज वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करायची. मग बेकायदा शस्त्रे जप्त करायची. त्यानंतर, गरज वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे.

आपल्या तरुणांना शेवटचे कलम पाठ आहे, आधीची दोन ठाऊक नाहीत. गावात ज्याच्या भिंतीवर बंदूक टांगलेली आहे त्याची बंदूक काढून घ्या, अशी मागणी करणारे निवेदन तुम्ही शेवटचे कधी दिले? हिंसेची मक्तेदारी राज्याकडे असते हे समाजशास्त्राच्या पुस्तकात आम्ही शिकलो. गावात गेल्यावर दिसले की ती वर्चस्ववादी जातीकडे आहे आणि राज्य तिच्या ओसरीवर चहा पीत बसले आहे. ही मक्तेदारी मोडायची तर आधी समोरच्याला निःशस्त्र करण्याची मागणी लावून धरावी लागेल. आपल्या एकट्या कार्यकर्त्याच्या खिशात रिव्हॉल्व्हर घातले म्हणून ती मोडत नाही.

बाजाराचा डाव वेगळाच आहे. दिल्लीच्या अत्याचारानंतर, 2014 च्या सुरुवातीला, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे 500 ग्रॅम, महिलांच्या पर्समध्ये मावेल असे, किंमत 1,22,360 रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 168 रुपये होती. म्हणजे 728 दिवसांची मजुरी. वर्षाला 100 दिवसांची हमी धरली तर सात वर्षांहून जास्त. खैरलांजीच्या भोतमांगे कुटुंबाला, शेतात राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे संरक्षण कोणत्या हिशेबाने परवडणार होते? आणि पर्समध्ये मावते एवढे सांगून विकणाऱ्यांनी पर्समध्ये ते ठेवावे का, हे सांगितले का?

आमच्या मते ठेवू नये. लहान रिव्हॉल्व्हर म्हणजे कमी धोका, हा गैरसमज आहे. आकार लहान असल्यामुळेच माणूस ते कुठेही कोंबतो. पिशवीत किल्ली, पेन, चार्जरची वायर असते. यातले काहीही ट्रिगरच्या कड्यात शिरू शकते. पिशवी अंगापासून दूर जाते, एसटीत राहते, हिसकावली जाते, पोरांच्या हाती लागते. नाइलाजाने पिशवीत ठेवायचेच असेल तर फक्त रिव्हॉल्व्हरसाठी वेगळा कप्पा हवा, त्यात पक्के बसवलेले होल्स्टर हवे आणि पिशवी खांद्यावरून उतरता कामा नये. हे पाळणे किती जणांना जमेल, स्वतःलाच विचारा.

नुसत्या खिशात ठेवणे त्याहून वाईट. खिशात ठेवायचे तर खिशाचे होल्स्टर घ्या. ते ट्रिगरचे कडे पूर्ण झाकणारे आणि दाबले तरी न चेपणारे असावे. त्या खिशात दुसरे काहीही नको, सुट्टे पैसेसुद्धा नको. परत ठेवताना आधी होल्स्टर खिशातून काढा, ट्रिगरपासून बोट लांब ठेवून रिव्हॉल्व्हर त्यात बसवा आणि मग दोन्ही एकत्र खिशात घाला. कमरेला लावायचे तर जाड पट्टा आणि कडक होल्स्टर हवे. साडी किंवा सलवार-कमीज घालणाऱ्या आमच्या महिला सरपंचांना धड खिसाच नसतो. त्यांनी कमरेला बांधायचा कापडी पट्टा घेतला तर त्यात ट्रिगर झाकणारे कडक कवच आहे ना, हे तपासूनच घ्यावा. नेफ्यात खोचणे हा सिनेमातला प्रकार आहे. तिथे नळीचे तोंड कुठे असते, एवढे आठवले तरी पुरे.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याकडून विचारून घ्या. जुन्या बनावटीचे रिव्हॉल्व्हर घोड्यावर पडले तर घोड्याखालची गोळी उडू शकते. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचे घर रिकामे ठेवायची पद्धत आहे. आपले कोणत्या बनावटीचे आहे हे माहीत नसलेल्या माणसाने ते भरून अंगावर बाळगू नये. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. त्यांना जवळचे रुग्णालय आणि शस्त्रक्रिया लगेच मिळाली. आपल्या तांड्यावर, वस्तीवर तशी गोळी लागली तर रुग्णवाहिका किती वेळात येते?

घरी आल्यावर गोळ्या काढा. रिव्हॉल्व्हर एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात आणि किल्ली स्वतःजवळ. उशीखाली नाही, तांदळाच्या डब्यात नाही, बुद्धमूर्तीमागे तर नाहीच. 2016 च्या शस्त्र नियमांत हाताळणीचे प्रशिक्षण सांगितले आहे. सार्वजनिक जागी लहान शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीत, पूर्ण झाकून आणि स्वतःच्या ताब्यात ठेवून न्यावे असेही त्यात आहे. प्रमाणपत्रापुरते प्रशिक्षण घेऊन मोकळे होऊ नका.

आता शिट्ट्या मारणाऱ्यांकडे. कमरेचे रिव्हॉल्व्हर दिसेल असा शर्ट वर करून रील टाकणाऱ्या भावांनो, तुमच्या रीलची सगळ्यात जास्त वाट कोण पाहत असतो? समोरचा वकील. अत्याचाराची फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी आपल्यावर क्रॉस केस होते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. त्या क्रॉस केसला तुम्ही पुरावा तयार करून देता. 2019 च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मग पीडित कुटुंबाला सांगितले जाते, "तुमच्या पोरावरची केस मागे घेतो, तुम्ही अॅट्रॉसिटी मागे घ्या." तुमच्या एका रीलची किंमत त्या कुटुंबाचा न्याय असतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे. 14 एप्रिलची मिरवणूक, 1 जानेवारीचे भीमा कोरेगाव, दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि कोणताही मोर्चा, इथे परवान्याचे शस्त्रसुद्धा न्यायचे नाही. लाखोंच्या गर्दीत सुटलेली गोळी आपल्याच माणसाला लागणार. समता सैनिक दलाने आपल्याला गर्दीत शिस्त शिकवली आहे, तीच तिथली सुरक्षा.

आमच्या त्या सहकाऱ्याने नंतर शबनम बदलली नाही, सवय बदलली. रिव्हॉल्व्हर आता कमरेला, कडक होल्स्टरमध्ये असते. विहारात यायचे असेल त्या दिवशी ते घरी कुलपात राहते. त्याने आणखी एक केले. गावातल्या शस्त्रांचे परवाने तपासा, असे नियम 3 चा उल्लेख करून लेखी निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना दिले. निवेदनाखाली वस्तीतल्या बायाबापड्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत. त्यात त्या मुलीच्या आईचीही सही आहे.

परवाना मागायचा तर जरूर मागा. मिळाला तर शस्त्र असे बाळगा की आपल्या वस्तीतले लेकरू त्याच्याजवळ पोचणार नाही आणि समोरच्याच्या वकिलाला ते वापरता येणार नाही. एवढे जमत नसेल तर घेऊ नका. आणि घ्या अथवा न घ्या, आपल्या गावासाठी ते निवेदन या आठवड्यात लिहा.

जयभीम. नमो बुद्धाय.