आकसण्याचे शास्त्र : मुंबई विमानतळ, २०२० आणि आष्टीच्या वेशीवरचा प्रश्न

१/ डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाने एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा हाताळून स्वतःचाच विक्रम मोडला. २५ मे २०२० रोजी त्याच विमानतळाला परवानगी होती ती ५० फेऱ्यांची : २५ उड्डाणे आणि २५ आगमने. हजारांवरून पन्नासावर आलेली ही यंत्रणा कोलमडली नाही. ती का कोलमडली नाही, आणि त्याच काळात बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या तालुक्यांची माणसे मात्र का अडकून पडली, याविषयीचा हा थ्रेड.

२/ मुंबईच्या विमानवाहतुकीला आकसणे नवे नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची चिखलाची जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी भरे. म्हणून टाटांची ही चिमुकली कंपनी दर पावसाळ्यात विमाने, वैमानिक आणि यंत्रकारागीर यांच्यासह आपले बिऱ्हाड पुण्याला हलवी. कधी थांबायचे, कुठे सरकायचे आणि कधी परतायचे हे आधीच ठरलेले असे.

३/ पुढे मुख्य विमानतळ सांताक्रूझला गेला आणि संकटांचे स्वरूपही बदलले. २६ जुलै २००५ च्या प्रलयात विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला निघाले आणि एक मोठी कंपनी थांबली. पहिल्या प्रसंगी प्रवासी होते, पण धावपट्टी नव्हती. दुसऱ्या प्रसंगी प्रवासी आणि धावपट्टी दोन्ही होते. रिकाम्या झालेल्या वेळा इतर कंपन्यांना देता आल्या. २०२० मध्ये धावपट्टी होती, विमाने होती, पण प्रवासीच नव्हते. ही अवस्था निराळी होती.

४/ घटनाक्रम असा. २२ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानांना देशात येण्यास बंदी झाली. २३ मार्चला महाराष्ट्रात संचारबंदी लागू झाली आणि सर्व जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या. २४ मार्चच्या मध्यरात्री देशांतर्गत विमानसेवाही थांबली. ती दोन महिन्यांनी, २५ मे रोजी सुरू झाली. नियमित आंतरराष्ट्रीय सेवा मात्र २७ मार्च २०२२ पर्यंत बंदच राहिली.

५/ प्रवासी थांबले तरी विमानतळाला कुलूप लावता येत नाही. औषधे आणि मालवाहतूक चालू होती. ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने परदेशी अडकलेल्यांना घेऊन येऊ लागली. एकच विमान उतरायचे असले तरी हवाई नियंत्रण कक्ष, धावपट्टीचे दिवे, अग्निशमन दल, इंधन आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा हे सगळे लागतेच. पाच टक्के वाहतुकीसाठी पाच टक्के खर्च, असे गणित इथे बसत नाही.

६/ मग काटछाट कुठे करायची? लंडनच्या हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत; तिथे एप्रिल २०२० मध्ये एकच चालू ठेवली गेली. फ्रँकफर्टने आपली वायव्य धावपट्टी चक्क विमानांचा वाहनतळ म्हणून वापरली. पॅरिसचे ऑर्ली विमानतळ ३१ मार्चपासून जवळजवळ तीन महिने बंदच होते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एरवीही एका वेळी एकच वापरात असते. धावपट्टीत कपात करायला वाव कमी, म्हणून मुंबईत काटछाट झाली ती टर्मिनलची.

७/ २५ मे रोजी सांताक्रूझचे टर्मिनल १ बंद ठेवून सर्व देशांतर्गत उड्डाणे टर्मिनल २ मध्ये आणण्यात आली. एक टर्मिनल बंद होते तेव्हा एक इमारत अंधारते, एवढेच घडत नाही. तिथली वातानुकूलन यंत्रणा, सरकते जिने, सामानाचे पट्टे, तपासणीच्या रांगा, स्वच्छता, दुकाने, टॅक्सीचा थांबा अशी सगळी साखळी एकदम निजते. उरलेले मनुष्यबळ एका छताखाली आणून अंतर राखणे, तपासणी आणि निर्जंतुकीकरण या नव्या कामांकडे वळवता येते.

८/ उभ्या विमानांचेही शास्त्र आहे. इंजिनांची तोंडे झाकावी लागतात. वेग मोजणाऱ्या नळ्यांत कीटक घर करतात, म्हणून त्याही झाकाव्या लागतात. चाकांवर एकाच जागी भार पडू नये म्हणून ती अधूनमधून फिरवावी लागतात. वैमानिकांनाही ठरावीक काळात उड्डाणाचा सराव नसेल तर पुन्हा विमान चालवता येत नाही. झोपवलेली यंत्रणा पुन्हा जागी करता यावी, यासाठीच ही सारी खटपट.

९/ पुनरारंभही नळाची तोटी फिरवावी तसा झाला. केंद्र सरकारने कंपन्यांना आधी ३३ टक्के, मग ४५, ६०, ७० आणि डिसेंबर २०२० मध्ये ८० टक्के क्षमतेची मुभा दिली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा ५० टक्क्यांवर आली आणि १८ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण झाली. मुंबईचे टर्मिनल १ मार्च २०२१ मध्ये उघडले, एप्रिलमध्ये पुन्हा मिटले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडले. २०१९-२० मध्ये सुमारे साडेचार कोटी असलेली प्रवासीसंख्या २०२०-२१ मध्ये सुमारे १ कोटी १० लाखांवर आली होती. २०२३-२४ मध्ये ती सव्वापाच कोटींपलीकडे गेली.

१०/ तोट्याचे काय झाले? विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला उत्पन्नातील ३८.७ टक्के वाटा भारतीय विमानतळ प्राधिकरणाला द्यावा लागे. करारातील अनपेक्षित आपत्तीच्या कलमावर बोट ठेवून कंपनीने त्यातून सूट मागितली आणि वाद न्यायालयात व लवादासमोर गेला. करार करतानाच ‘आभाळ कोसळले तर’ या शक्यतेला त्यात एक कलम होते. कंत्राटावर सामान उचलणाऱ्या किंवा फरशी पुसणाऱ्या माणसाच्या पदरी मात्र असे कलम क्वचितच असते.

११/ आता आष्टीकडे वळावे. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. आष्टी हा त्यांतलाच, अहिल्यानगरच्या सीमेवरचा तालुका. कारखान्याचा पट्टा पडला की ती परततात. मार्च २०२० मध्ये अनेक कारखान्यांचे गाळप चालू असतानाच जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर, लेकराबाळांसह, कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांत अडकले. तपासणी करून त्यांना गावी सोडण्याचा शासन निर्णय झाला तो १७ एप्रिलला, म्हणजे पंचवीस दिवसांनी.

१२/ यावर एक रास्त आक्षेप येईल. विमानतळ म्हणजे एका कुंपणातील, एका मालकाची जागा. मजूर अनेक जिल्ह्यांत विखुरलेले. तुलना कशी करावी? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. साखर कारखानाही दरवर्षी आपले काम आवरतो. आकसणे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याची, म्हणजे प्रत्येक जोडप्याची, नोंद असते. कोणत्या गावचे, किती उचल घेतली, किती फिटली, सारे लिहिलेले असते. नोंद होती, ती वसुलीसाठी होती. परतीसाठी ती उघडण्याची कल्पना वेळेवर कोणाला सुचली नाही.

१३/ म्हणून २०२० चा धडा केवळ ‘विमानसेवा कोसळली आणि सावरली’ एवढाच लिहून ठेवणे अपुरे ठरेल. ज्या यंत्रणेचा प्रत्येक दिवा, पट्टा आणि पहारा मोजलेला होता, ती यंत्रणा आखडली आणि पुन्हा पसरली. ज्यांची मोजणी केवळ कर्जापुरती होती, त्यांना बंद सीमेवर थांबावे लागले. संकटात कोण तगतो, हे पुष्कळदा संकटाआधीच्या कागदांवर ठरते.

१४/ ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले; पुढच्या पडझडीत मुंबईला दोन विमानतळांतून निवड करता येईल. २३ सप्टेंबर २०२२ रोजी न्यू आष्टी स्थानकापर्यंत, अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर, रेल्वे आली. पुढे गाड्या थांबवण्याची वेळ आलीच, तर शेवटची गाडी कोणासाठी राखून ठेवायची, हे आतापासून लिहून ठेवायला हवे. तशी यादी विमानांसाठी करता येते, हे मुंबईने दाखवले आहे. कोयत्यांसाठी ती करण्याला तंत्राची अडचण नाही.

थ्रेड समाप्त.