रान ओळखणारीच शास्त्रज्ञ का नको?

शिळफाट्याच्या बैठकीत दहावी झालेली ठाकरवाडीची एक मुलगी म्हणाली, ‘मला रानाचा अभ्यास करायचाय.’ घरचे हसले होते, ‘रान काय शिकायचं? रोजचंच ते!’

रानभाज्या, औषधी मुळ्या बायकाच ओळखतात. त्यांच्याकडून ऐकून पदवी मात्र बाहेरचे घेतात. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी अशा ज्ञानाची नोंद ठेवणाऱ्या समित्या नेमायला सांगितले. नोंदी लिहिणाऱ्यांत आपल्या मुली किती?

डॉ. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात वस्तीलगत, उसात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला. बाईला हे जमते. पण त्याआधी अकरावीला विज्ञान, वसतिगृहात जागा आणि लग्नाची घाई थोपवणे, हे सारे हवे. हे काम तिचे एकटीचे नाही, आपल्या संघटनांचे आहे. ते अंगावर घेऊ या.