निळ्या पाण्यात एकाग्रता नसते

गेल्या महिन्यात एक ताई त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा कबड्डी खेळतो, चांगला खेळतो. निवड चाचणीची तयारी चालू होती. तक्रार अशी की संध्याकाळच्या सरावात डोकं दुखतं, चिडचिड होते आणि चढाईला गेल्यावर "काय करायचं तेच सुचत नाही." प्रशिक्षकांनी उपाय सांगितला होता: रोज एक स्पोर्ट्स ड्रिंक. "त्याने डोकं चालतं, फोकस वाढतो." ताई दीड महिना रोज बाटली आणत होत्या. पैसे कुठून काढले? घरातलं अर्धा लिटर दूध बंद करून.

मी मुलाला विचारलं, "सकाळी काय खातोस?"
"चहा-बिस्कीट."
"झोपतोस कधी?"
आईकडे बघत तो म्हणाला, "बारा वाजता."
"उठतोस?"
"साडेपाचला. सराव असतो."
"शाळेत पाणी किती पितोस?"
"बाटली नेतो. पीत नाही."

साडेपाच तास झोप, उपाशी पोट आणि कोरडा घसा. या तीन गोष्टींवर निळ्या रंगाचं गोड पाणी ओतून एकाग्रता येईल, असं त्या माउलीला पटवण्यात आलं होतं. आज मी यावर स्पष्टच लिहिणार आहे, कारण ही एका घराची गोष्ट नाही.

या पेयात असतं तरी काय?

पाणी, साखर, थोडं मीठ, आम्लता, रंग आणि वास. बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर सुमारे ६ टक्के असते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत अंदाजे ३० ग्रॅम, सहा-सात चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसासाठी साधारण २५ ग्रॅम. एका बाटलीत ही मर्यादा ओलांडली, आणि अजून चहा, बिस्किटं बाकीच आहेत.

हे पेय वाईट हेतूने जन्मलं नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हात तासन् तास सराव करणाऱ्या फुटबॉलपटूंसाठी ते तयार केलं. तिथे त्याला अर्थ होता. तासाभराच्या सरावानंतर घरी जाऊन पोळी-भाजी खाणाऱ्या शाळकरी मुलासाठी ते कधीच बनवलेलं नव्हतं.

"पण मेंदूला साखर लागतेच ना, डॉक्टर?"

लागते. मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. पण ते रक्तात योग्य प्रमाणात ठेवण्याचं काम यकृत करतं. नीट जेवलेल्या निरोगी मुलाच्या रक्तातली साखर कबड्डीच्या एका सामन्यात संपत नाही. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन सत्रांचा, एक चढाई ३० सेकंदांची. टाकी भरलेली असताना वरून पेट्रोल ओतलं तर गाडी जास्त पळत नाही, पेट्रोल सांडतं.

उलट, साखर खाल्ली की तरतरी येते या समजुतीची तपासणी झालेली आहे. २०१९ साली ३१ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. साखरेने मनःस्थिती सुधारल्याचं त्यात दिसलं नाही. पहिल्या तासाभरात थकवा थोडा वाढलेला आणि सावधपणा थोडा कमी झालेला मात्र दिसला.

मग संशोधन काहीच नाही का?

आहे, आणि ते लपवणं माझ्या व्यवसायाला शोभणार नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली एक गमतीशीर गोष्ट दाखवली. सायकलपटूंनी कर्बोदकाच्या पाण्याने फक्त चूळ भरली आणि थुंकून टाकली, तरी तासाभराच्या शर्यतीतली त्यांची कामगिरी सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. तेच ग्लुकोज थेट शिरेतून दिलं तेव्हा मात्र फायदा झाला नाही! पुढे २००९ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की तोंडात कर्बोदक आल्याबरोबर मेंदूतली बक्षिसाची केंद्रं जागी होतात. म्हणजे "अन्न येतंय, जोर लाव" असा निरोप जातो.

आता नीट विचार करा. हे प्रयोग सराव झालेल्या प्रौढ सायकलपटूंवर झाले. फायदा दिसला तो सलग तासभर जोर लावण्यात. निर्णय घेणं, समोरच्याचा डाव ओळखणं, वर्गात लक्ष लागणं यांबद्दल त्यात काहीही सिद्ध झालेलं नाही. आणि चूळ भरून भागत असेल, तर ३० ग्रॅम साखर गिळायची कशाला?

जाहिराती मात्र हेच टोक पकडून आभाळ उभं करतात. २०१२ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने ऑक्सफर्डच्या संशोधकांसह अशा दाव्यांची झडती घेतली. १०४ उत्पादनांच्या जाहिरातींत कामगिरी वाढवण्याचे ४३१ दावे सापडले. त्यांच्या आधारासाठी दिलेल्या अभ्यासांपैकी उत्तम दर्जाचे आणि पक्षपाताची शक्यता कमी असलेले अभ्यास निघाले फक्त तीन.

डोकं खरंच कशाने मंदावतं?

पाणी कमी पडल्याने. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त पाणी गेलं की लक्ष, निर्णयक्षमता आणि हालचालींचा ताळमेळ बिघडतो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. ५० किलोच्या मुलासाठी २ टक्के म्हणजे १ किलो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जितकं घटलं तितका घाम गेला असं समजा: १ किलो म्हणजे साधारण १ लिटर. याचा इलाज पाणी आहे, आणि ते शाळेच्या नळाला मिळतं.

"पण मीठही जातं ना?" जातं. पण बाटलीतलं मीठ किती? या पेयात सोडियम लिटरला साधारण २० मिलिमोल, आपल्या रक्तात सुमारे १४०. म्हणजे सातवा हिस्सा. तासाभराच्या खेळात गेलेलं मीठ पुढच्या जेवणातल्या आमटी-भाजीतून भरून निघतं.

आणि गरजेपेक्षा जास्त पिणं हाही धोका आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताच्या तपासणीत १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. सगळ्यात मोठं कारण अति पिणं होतं. साधं पाणी की स्पोर्ट्स ड्रिंक, याने फरक पडला नाही. सोडियम फार उतरलं तर मेंदूला सूज येते. एकाग्रतेसाठी पीत सुटायचं आणि मेंदूलाच सूज आणायची, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

त्याहून घातक गल्लत

पुष्कळ पालक स्पोर्ट्स ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक एकच समजतात. एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफीन असतं. आपल्याकडच्या नियमांनुसार लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम, आणि मुलांसाठी योग्य नाही असं डब्यावर छापावं लागतं. कॅफीनने मोठ्या माणसाचं लक्ष काही काळ सुधारतं, हे खरं. पण संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॅफीनपैकी जवळपास निम्मं रात्री अकराला अंगात असतं. झोप जाते, आणि झोपेइतकं मेंदूला तल्लख ठेवणारं दुसरं काही नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगितलं होतं: मुलांना एनर्जी ड्रिंक नकोच, आणि सामान्य खेळासाठी पाणी पुरेसं आहे.

नाव आणि वेष्टन माणसाला कसं फसवतं हे आपण ओआरएसच्या बाबतीतही पाहिलं. जुलाबावरच्या खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. तेच नाव लावून भरमसाट साखरेची पेयं विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरायची मनाई केली.

मग कुणी प्यावं?

सलग दीड-दोन तासांहून जास्त धावणारे, सायकल चालवणारे, एकाच दिवशी लागोपाठ सामने खेळणारे यांना साखर आणि मीठ असलेलं पेय उपयोगी पडतं. त्यांच्यासाठीही साखर-मीठ घातलेलं लिंबू सरबत चालतं. बाकीच्यांसाठी:

१. सरावाच्या दोन-तीन तास आधी नीट जेवण. वेळ नसेल तर केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की.
२. दिवसभर पाणी. लघवी गडद पिवळी असेल तर कमी पडतंय.
३. सरावानंतर ताक किंवा दूध, आणि जेवण.
४. शाळकरी खेळाडूला आठ ते दहा तास झोप. याला पर्याय नाही.

त्या मुलाला मी एकही औषध दिलं नाही. बाटली बंद, दूध सुरू, सकाळी पोहे किंवा पोळी, मोबाईल रात्री साडेनऊला आईकडे. तीन आठवड्यांनी ते परत आले. डोकेदुखी जवळपास गेली होती. एका मुलावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाटली विकणाऱ्यांनी तर तेवढंही दाखवलेलं नाही.

प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमचा शब्द मुलं आणि पालक आमच्या शब्दापेक्षा जास्त मानतात. उद्या सरावाला सुरुवात करण्याआधी मुलांना दोनच प्रश्न विचारा: रात्री किती वाजता झोपलात, आणि आज काय खाऊन आलात? बाटलीचं नाव सुचवण्याची वेळच येणार नाही.