‘सेव्हरल’ म्हणजे अनेक नव्हे

नागपूर जिल्ह्यातील सावनेर हे नाव मराठी साहित्याच्या इतिहासात एका दुःखद घटनेमुळे नोंदले गेले आहे. राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी येथेच झाले. एका शब्दाचे दोन अर्थ पकडून कोटी साधणे हा त्यांच्या लेखणीचा खास गुण. रंगभूमीवर असा दुहेरी अर्थ प्रेक्षकांना हसवतो. कर्जाच्या कागदावर मात्र तो एखाद्या घराला रडवू शकतो.

सावनेरच्या परिसरात संत्र्याची बाग, कापसाचा व्यापार, भावाचे दुकान, पुतण्याचे शिक्षण अशा कारणांसाठी कर्जे काढली जातात आणि जामीन म्हणून एखादा नातलग उभा राहतो. त्याच्यापुढे इंग्रजी कागद येतात. खूण केलेल्या जागी तो मराठीत सही करतो. शेवटी, मजकूर आपल्याला आपल्या भाषेत समजावून देण्यात आला व तो मान्य आहे, अशा आशयाच्या निवेदनाखाली आणखी एक सही होते. प्रत्यक्षात समजावणे अनेकदा ‘येथे सही करा’ एवढ्यावरच आटोपते.

या कागदांतील इंग्रजी आजची नाही. आरंभीच्या ‘विटनेसेथ’ या शब्दातील ‘एथ’ हा प्रत्यय १६११ सालच्या इंग्रजी बायबलात पानोपानी आढळतो. बोलण्यातून तो लोपला, दस्तऐवजात टिकला. ‘मॉर्गेज’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या दोन भागांचे अर्थ ‘मृत’ आणि ‘तारण’. सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी त्याचा उलगडा असा केला: कर्ज फेडले नाही तर मालमत्ता ऋणकोच्या दृष्टीने मेली, फेडले तर तारण धनकोच्या दृष्टीने मेले. ‘लिएन’ म्हणजे मुळात बंधन; मुदत ठेवीवर लिएन चढला की ठेव आपलीच राहते, पण बांधलेली. ‘हायपोथिकेशन’च्या मुळाशी ‘खाली ठेवणे’ हा ग्रीक अर्थ आहे. वाहन आपल्या दारात असते, पण कर्जाच्या बोजाखाली.

हे शब्द अनोळखी असल्याने माणूस निदान विचारपूस तरी करतो. खरा धोका ओळखीच्या शब्दात असतो. हमीपत्रात ‘जॉइंट अँड सेव्हरल’ असा शब्दप्रयोग येतो. ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक, असे शाळेत शिकवलेले असते. त्यामुळे जामीनदार समजतो, आपण अनेक जण मिळून जबाबदार, म्हणजे रक्कम सर्वांत वाटली जाईल. परंतु या शब्दाचा जुना अर्थ ‘वेगवेगळा, स्वतंत्र’ असा आहे आणि कायद्याच्या भाषेने तोच जपला आहे. सर्व जण मिळून जबाबदार आणि प्रत्येक जण एकटाही संपूर्ण रकमेस जबाबदार, असा त्याचा आशय. दहा लाखांच्या कर्जाला दोन जामीन असतील तर प्रत्येकी पाच लाख, असा हिशेब येथे चालत नाही. एकाकडूनच पूर्ण दहा लाख आणि त्यावरील व्याज मागता येते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ मधील ‘को-एक्स्टेन्सिव्ह’ हा शब्दही असाच आहे. करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या प्रकरणात मान्य केला नाही.

कायद्याने जामीनदाराला काही आधारही दिला आहे. कलम १४० नुसार, कर्ज फेडणाऱ्या जामीनदाराकडे कर्जदाराविरुद्धचे धनकोचे अधिकार येतात. चालू राहणारी हमी भविष्यातील व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते, असे कलम १३० सांगते. झालेल्या व्यवहारांतून मात्र सुटका नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांबाबत, अटींचा सारांश कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने आवश्यक केले आहे. ही सोय कर्जदारासाठी आहे. जामीनदाराने स्वतःच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: हमी किती रकमेपर्यंत आहे, किती काळासाठी आहे आणि जबाबदारी ‘सेव्हरल’ आहे काय. उत्तर ऐकून कागद एक रात्र घरी आणावा, घरच्यांना वाचून दाखवावा.

नातलगाला नकार देणे कठीण असते आणि मदत करणे हा आपल्या कुटुंबांचा जुना संस्कार आहे. तो सोडण्याचे कारण नाही. वचन देण्याला मराठीत ‘शब्द देणे’ म्हणतात. जामीनदारही शब्दच देत असतो. तो कोणता, हे सही करण्यापूर्वी त्याला ठाऊक असावे.