आठवणीपेक्षा वही बरी



मागल्या रविवारी पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "मामा, क्रिकेटचे जुने आकडे जमवणाऱ्या आम्हा मंडळींची बैठक आहे, चला." बांधावर हिंडणाऱ्या माणसाचे तिथे काय काम? पण गेलो.

वीस-पंचवीस माणसे होती. कुणी निवृत्त कारकून, कुणी मास्तर. नावाजलेला खेळाडू एकही नाही. सगळ्यांच्या पिशव्यांत जुन्या वह्या नि वर्तमानपत्रांची कात्रणे.

विषय निघाला भाऊसाहेब निंबाळकरांचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच, पूना क्लबच्या मैदानावर, काठियावाडविरुद्ध त्यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडायला अवघ्या दहा धावा हव्या होत्या. तोच काठियावाडच्या कप्तानाने सामना सोडून दिला. भाऊसाहेबांना पुढे कसोटी सामनाही कधी मिळाला नाही. पण गुणलेखकाच्या वहीत ४४३ लिहिले गेले, ते कुणाला पुसता आले नाही.

एकाने अमेरिकेची हकिकत सांगितली. तिकडे बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ आहे. त्याचा इतिहास शोधायला १९७१ साली कूपर्सटाऊन गावी सोळा जण जमले. आता त्यांचे मोठे संमेलन भरते. टाय कॉब या थोर खेळाडूच्या १९१० सालच्या हिशेबात एकच सामना दोनदा धरला गेला होता. ती चूक सत्तर वर्षांनी उजेडात आली. का? तर जुन्या नोंदी जपलेल्या होत्या म्हणून.

हे ऐकताना माझी मान खाली गेली. आमचे वडील पंचांगाच्या कोऱ्या पानांवर पाऊस नि विहिरीचे पाणी टिपून ठेवत. १९७२ च्या दुष्काळातलेही त्यात होते. ते गेल्यावर घर आवरताना मीच ती पंचांगे रद्दीत घातली. पुढे विहीर आटली. आम्ही भावांनी कर्ज काढून पूर्वेला आडवे बोअर मारले. पाण्याचा थेंब नाही. मग शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "अरे, बहात्तरातसुद्धा झरा पश्चिमेच्या कपारीतून चालू होता. तुझ्या बापाने लिहून ठेवले होते की!" गावोगाव नोंदी ठेवा म्हणून सांगणारा मी, आणि माझ्याच घरी ही गत!

म्हणून सांगतो, शंभर पानी वही आणा. पाऊस, पेरणीची तारीख, बियाण्याचा वाण, खत, मजुरी, आडतीची पट्टी आणि महिन्याला विहिरीचे पाणी, एवढेच लिहा. तुम्हाला कंटाळा येत असेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सांगा. तिचे अक्षरही तुमच्यापेक्षा चांगले असेल. तोटा झाला ते वर्षसुद्धा लिहा. ते लपवले तर पुढच्यांना काय कळणार?

आणि माळ्यावर वडिलांची जुनी पंचांगे असतील, तर रद्दीवाला दारात येण्याआधी एकदा उघडून पाहा.