परवान्याचे पुस्तक कोणाच्या पेटीत?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे जंगलाने वेढलेले लहानसे गोंड गाव आहे. अशा गावांविषयी सरकारी अहवाल ‘दुर्गम’ व ‘मागास’ या दोन शब्दांपुढे जात नाहीत. जणू दारिद्र्य तेथील मातीतच उगवते! वस्तुतः जंगल भरलेले असताना गाव गरीब राहिले, कारण जंगलाची मालकी गावाकडे नव्हती.

१९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरविले आणि तो खात्याच्या ताब्यात गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले व त्याची मालकी जंगलवासीयांना दिली. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबूच्या वाहतुकीचा परवाना वन खात्याच्याच हाती राहिला. जो माल विकता येत नाही त्याची मालकी ती कसली? वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले ते २७ एप्रिल २०११ रोजी. आणि तेही केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्री गावात आल्यावर!

आदिवासी जंगल उजाड करतील, अशी भीती घातली जाते. कागद गिरण्यांना सवलतीच्या दराने बांबू पुरवीत आलेल्या व्यवस्थेला असे बोलण्याचा नैतिक अधिकार आहे काय?

२०१२ च्या सुधारित नियमांनी परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समित्यांना दिला आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी नुसते हक्कपट्टे मोजून समाधान मानू नये. गावोगावी जाऊन विचारावे : परवान्याचे पुस्तक कोणाच्या पेटीत आहे?